अमेरिकेतील १९३८ चा श्रममानक कायदा : जादा तासांचे मोल आणि मालकाची जबाबदारी

प्रस्तावना :

२५ जून १९३८ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट’ या संघीय कायद्यावर स्वाक्षरी केली. किमान वेतन, जादा कामाचा मोबदला आणि बालमजुरीवरील निर्बंध ही या कायद्याची तीन प्रमुख अंगे होत. त्याने कामाचा आठवडा चाळीस तासांचा केला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. वस्तुतः प्रौढ कामगाराकडून त्याहून अधिक काम करून घेण्यास या कायद्याने मनाई केली नाही. जादा तासांची किंमत तेवढी मालकावर टाकली. त्यामुळेच ‘काम कशाला म्हणावे’ आणि ‘कामगार कोणाला म्हणावे’ हे दोन प्रश्न कळीचे ठरले. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या आधारे कायद्याच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :

न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांसाठी दिवसाला १० व आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली होती. कराराच्या स्वातंत्र्यावर ते अतिक्रमण आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये ती रद्द केली. १९१८ मध्ये बालमजुरीविरोधी संघीय कायदा, तर १९२३ मध्ये राजधानीतील स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा रद्द झाला. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये केलेला औद्योगिक पुनरुत्थानाचा कायदाही १९३५ मध्ये टिकला नाही. मार्च १९३७ मध्ये मात्र न्यायालयाने वॉशिंग्टन राज्याचा किमान वेतन कायदा वैध ठरविला आणि वाट मोकळी झाली. श्रममंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी या कायद्यासाठी सातत्याने प्रयत्न केले होते.

कायद्याची रचना :

२४ ऑक्टोबर १९३८ पासून ताशी २५ सेंट किमान वेतन लागू झाले. आठवड्याची मर्यादा प्रथम ४४, पुढे ४२ आणि १९४० पासून ४० तास झाली. त्यापुढील प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दीडपट मोबदला देणे बंधनकारक झाले. ताशी १० डॉलर मिळविणाऱ्या कामगाराने ४८ तास काम केल्यास ४० तासांचे ४०० आणि ८ तासांचे १२० असे ५२० डॉलर होतात. हिशेब प्रत्येक आठवड्याचा स्वतंत्र असतो. एका आठवड्यातील ५० तास पुढील आठवड्याच्या ३० तासांत जिरवता येत नाहीत. जादा तास महाग झाले की मालक नवा माणूस नेमील आणि बेकारी कमी होईल, हा यामागील हेतू होता. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने वैध ठरविला.

काम कशाला म्हणावे? :

मिशिगन राज्यातील माउंट क्लेमेन्स येथील मातीकामाच्या कारखान्यासंबंधीचा १९४६ चा निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारखान्याच्या आवारात कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा आणि कामाच्या तयारीचा वेळही कामातच मोडतो, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर थकबाकीच्या दाव्यांची रीघ लागली आणि १९४७ मध्ये काँग्रेसने कायदा करून असा वेळ बव्हंशी वगळला. परंतु त्या निकालातील दुसरे तत्त्व टिकून राहिले : तासांची नोंद ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती नीट ठेवली नसेल, तर कामगाराच्या वाजवी अंदाजाला खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर येते.

कामगार कोणाला म्हणावे? :

प्रारंभी या कायद्याच्या कक्षेतील उद्योगांत देशाच्या एकूण श्रमशक्तीपैकी सुमारे एकपंचमांश लोकच होते. शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेकडील राज्यांत या दोन्ही व्यवसायांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. तेथील प्रतिनिधींच्या पाठिंब्यासाठी दिलेली ही किंमत होती, असा अन्वयार्थ अनेक अभ्यासक लावतात. १९६६ मध्ये मोठ्या शेतांवरील मजुरांना किमान वेतन मिळाले आणि १९७४ मध्ये घरकामगारांना संरक्षण लाभले. व्यवस्थापकीय, प्रशासकीय व व्यावसायिक वर्गाला मात्र ओव्हरटाइममधून सूट आहे. तरीही ‘व्यवस्थापक’ हे नुसते पदनाम पुरत नाही. प्रत्यक्ष कर्तव्ये आणि पगार पाहिला जातो.

निष्कर्ष :

२४ जुलै २००९ रोजी संघीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर झाले. त्यानंतरच्या दीड दशकात काँग्रेसने ते वाढविले नाही. राज्याचा दर अधिक असेल, तर मालकाला तोच द्यावा लागतो. या कायद्याचा इतिहास केवळ दरवाढीचा नाही. कोणाचा वेळ मोजायचा आणि कोणाचा नाही, याविषयीच्या संघर्षाचा तो इतिहास आहे. शेतमजुराला किमान वेतन मिळण्यास २८ वर्षे लागली. संघीय कायद्याने जादा तासांचा दीडपट मोबदला मात्र त्याला अद्याप दिलेला नाही.