चुन्यावाचून उभी असलेली देवळे

जुन्या दगडी देवळाला सरसकट 'हेमाडपंती' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा तेराव्या शतकातील मंत्री. परंतु अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहारांच्या राज्यात उभे राहिले. त्या वेळी पंतांचा जन्मही झालेला नव्हता. नाव एका मंत्र्याचे झाले, घाम मात्र अनेक अनाम पाथरवटांचा होता.

या पाथरवटांनी सांध्यांत चुना भरला नाही. दगड असा घडविला की तो खालच्या दगडावर कोरडाच चपखल बसावा. जेथे गरज तेथे खालच्या दगडाला खाच व वरच्याला तीत बसणारा उंचवटा ठेवला. मग एवढे वजन साडेनऊशे वर्षे उभे राहिले कसे?

याचे उत्तर दगडाच्या स्वभावात आहे. दगड दाबला तर अफाट भार सोसतो. वाकविला वा ताणला तर मोडतो. दोन खांबांवर टाकलेली शिळा फार लांब असेल तर ती खालच्या अंगाने ताणली जाऊन तडकते. म्हणून जुन्या मंडपात खांब दाट असतात. शिवाय खांबाच्या माथ्यावर चहूबाजूंनी पुढे आलेले दगडी हस्त असतात, त्यामुळे वरच्या तुळईचे अधांतरी अंतर आणखी कमी होते. या हस्तांवर पोट पुढे काढून, दोन्ही हात वर लावून बसलेला कीचक कोरलेला असतो. लहान मुले त्याला पाहून हसतात. पण तुळईचा भार खांबात उतरण्याची नेमकी जागा तीच, आणि कारागिराने तेथेच भार वाहणारा बसविला आहे.

छतातही हीच युक्ती. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकल्या की मधली पोकळी लहान होते. पुन्हा टाकल्या की आणखी लहान. शेवटी एक शिळा पुरते. शिखराचा प्रत्येक थर किंचित आत सरकविलेला असतो आणि त्याच्या मागच्या टोकावर वरच्या थरांचे ओझे असल्यामुळे पुढचे टोक ढळत नाही. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहावे. कमान व घुमट यांची गोष्ट वेगळी. ते भार बाजूलाही रेटतात. विजापूरच्या गोलघुमटाच्या (१६५६) भिंती सुमारे दहा फूट जाड आहेत, त्या उगाच नव्हेत.

भार सरळ खाली जातो तोवर सारे ठीक. जमीन आडवी हलली म्हणजे परीक्षा होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन होऊन माणसे झोपी गेलेली. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, म्हणजे भक्कमच वाटत. पण त्यांची आतली व बाहेरची अंगे वेगवेगळी रचलेली, मधे गोटे व माती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच दोन्ही अंगे फाकली. माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढलेले, ते ओझे माणसांवर आले. नंतर दुरुस्तीच्या वेळी उभ्या राहिलेल्या भिंतींना आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरण्याचा, आणि दारांच्या वरून सलग पट्टा फिरविण्याचा उपाय सांगण्यात आला. काम फार खर्चाचे नव्हे.

जुन्या देवळाच्या भिंतीही पुष्कळदा अशाच दोन अंगांच्या असतात, मधे भराव. वरून पाणी मुरले की भराव खचतो, भिंत पोट काढते. पिंपळाचे मूळ उरलेले काम करते. जीर्णोद्धार करताना अशा भिंतीवर सिमेंटचा जड स्लॅब टाकणे म्हणजे दुखऱ्या खांद्यावर दुसरी पोती देणे होय. सिमेंटच्या गिलाव्याने आतले पाणीही आतच कोंडते. पैसे भक्तिभावाने दिलेले असतात, पण दगडाला ते कळत नाही! आधी पाण्याची वाट काढावी, मग बाकीचे.

कोरड्या सांध्याचा आणखी एक गुण आहे. मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यातील बटेश्वर येथे आठव्या ते दहाव्या शतकांतील सुमारे दोनशे लहान देवळे ढासळून दगडांचा खच झाला होता. चंबळच्या खोऱ्यातील ही जागा. तिकडे पूर्वी डाकूंच्या भयाने कोणी फिरकत नसे. इ. स. २००५ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे एकेक दगड निवडून, कोणता कोणावर बसत होता ते जुळवून, ऐंशीच्या आसपास देवळे पुन्हा उभी केली. चुन्यात जखडलेला दगड असा सुटा, साबूत हाती लागणे कठीण. येथे खाच खाचेत बसली आणि थरावर थर चढला, पहिल्या पाथरवटाने रचला होता तसाच.