पदवीनंतर नोकरी शोधताना : कागदपत्रे, अर्ज, मुलाखत आणि फसवणूक याविषयी बौद्ध तरुणांसाठी माहिती

पदवीचा निकाल लागला की घरात एकच प्रश्न सुरू होतो : आता नोकरी कधी? आपल्या समाजातील अनेक मुले-मुली घरातील पहिली पदवीधर असतात. अर्ज कसा करायचा, कोणता दाखला कुठून काढायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारे घरात कोणी नसते. त्यामुळे गुण असूनही कागदावर अडकलेले उमेदवार प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. पदवीनंतरचे पहिले तीन महिने नीट वापरले, तर यातील बहुतेक अडचणी टळतात. त्यासाठीची माहिती इथे एकत्र देत आहोत.

हा हक्क कसा मिळाला

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मात्र केंद्राने बौद्धांना या सवलतींच्या बाहेर ठेवले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० पासून राज्याने नवबौद्धांना सवलती लागू केल्या. केंद्रात त्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्यासोबत बौद्धांचा समावेश झाला. आज केंद्राच्या खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या थेट भरतीत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के आणि महाराष्ट्र राज्याच्या सेवेत १३ टक्के जागा राखीव आहेत.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. राज्य आणि केंद्र यांनी हा हक्क वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या आदेशांनी दिला. म्हणूनच दोन्हीकडच्या दाखल्यांचे नमुनेही वेगळे आहेत, आणि पहिली चूक इथेच होते.

जातीचा दाखला : राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा

राज्याच्या नमुन्यातील दाखला अनेकांकडे शाळेपासून असतो. स्टाफ सिलेक्शन, रेल्वे, बँका, टपाल खाते, केंद्रीय लोकसेवा आयोग यांच्या भरतीत मात्र केंद्राच्या नमुन्यातील दाखला मागतात. त्या नमुन्यात १९९० च्या दुरुस्ती कायद्याचा उल्लेख असतो. कागदपत्र तपासणीच्या दिवशी तो नसेल तर उमेदवारी धोक्यात येते. जाहिरातीसोबत नमुना जोडलेला असतो. तो डाऊनलोड करून उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत कार्यालयातून दाखला आधीच काढून ठेवा.

दुसरा मुद्दा धर्म आणि जात यांचा. बौद्ध हा आपला धर्म आहे. अनुसूचित जातींच्या यादीत मात्र जातींची नावे आहेत. ज्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' अशी नोंद आहे, त्यांना धर्मांतरापूर्वीची जात दाखवणारा पुरावा द्यावा लागतो. वडील, आजोबा, आत्या किंवा काका यांचे जुने शाळेचे दाखले, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि महसुली नोंदी इथे कामी येतात.

अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्या दिवशी आपले पूर्वज जिथे राहत होते, तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडून दाखला मिळतो. मुंबई, पुणे किंवा नाशिकमध्ये जन्मलेल्या मुलालाही त्यासाठी आजोबांच्या तालुक्याला जावे लागते. हे काम जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत होत नाही. गावाकडे जाणे होईल तेव्हा जुन्या शाळेतून आणि तहसीलमधून प्रमाणित नकला घेऊन या. वडीलधारी माणसे आहेत तोवर वंशावळही लिहून घ्या.

जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. शिक्षणाच्या वेळी ते मिळाले असेल तर जपून ठेवा. रक्ताच्या नात्यातील वडील, भाऊ, बहीण किंवा काका यांच्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर तो तुमच्यासाठी भक्कम पुरावा ठरतो. २००० च्या राज्य कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, हे विसरू नका.

लग्न झालेल्या भगिनींनी लक्षात ठेवावे की जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांकडच्या पुराव्यावर मिळतो. नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद सोबत ठेवा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग जुळते का, हे आजच तपासा.

एक दिलासा असा की अनुसूचित जातींना क्रीमीलेयरचा निकष लागू नाही, त्यामुळे आपल्या प्रवर्गासाठी नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र काढावे लागत नाही. आणखी एक गोष्ट : दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर त्या राज्याच्या नोकरीत महाराष्ट्रातील दाखल्याची सवलत मिळत नाही. केंद्राच्या नोकरीत मात्र ती देशभर चालते.

सरकारी भरती : वय, शुल्क आणि मुदत

केंद्राच्या भरतीत अनुसूचित जातींना साधारणपणे पाच वर्षांची वयाची सवलत असते. नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत, तर आपल्याला ३७ वर्षांपर्यंत बसता येते आणि प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही. राज्यात बहुतांश पदांसाठी मागासवर्गीयांची कमाल वयोमर्यादा ४३ आहे. पोलीस उपनिरीक्षकासारख्या पदांसाठी ती बरीच कमी असते, म्हणून प्रत्येक जाहिरात स्वतंत्रपणे वाचा.

केंद्रीय लोकसेवा आयोग आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांना आपल्याला शुल्क नाही. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेत भरलेले २५० रुपये परीक्षेला हजर राहिल्यावर बँक शुल्क वजा करून परत मिळतात. परीक्षेच्या प्रवासासाठी रेल्वेचा मोफत पासही असतो. अर्जात बँक खाते अचूक भरा आणि पासाचा पर्याय निवडायला विसरू नका.

वय, पात्रता अशी कोणतीही सवलत न घेता तुम्ही खुल्या गुणवत्तेत बसलात, तर तुमची निवड खुल्या जागेवर होते. राखीव जागा मग समाजातील दुसऱ्या कुणाला मिळते. त्यामुळे अभ्यास करताना आपल्या कट-ऑफवर नजर ठेवू नका, खुल्या कट-ऑफवर ठेवा.

जाहिरातींसाठी आयोगांची अधिकृत संकेतस्थळे, 'रोजगार समाचार' साप्ताहिक, राज्याचे महास्वयम् पोर्टल आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल पाहत राहा. पुण्यातील बार्टी संस्था अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देते. तिच्या जाहिराती ठरावीक मुदतीत निघतात. सरकारी व मोठ्या खाजगी आस्थापनांतील पदवीधर शिकाऊ उमेदवारीसाठी नॅट्स पोर्टलवर नोंदणी करा. विद्यावेतन मिळते आणि अनुभवाचे प्रमाणपत्रही हाती येते.

आता थोडे कडू, पण आवश्यक. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात किंवा नागपुरात खोली घेऊन वर्षानुवर्षे तयारी करण्याचा खर्च आईवडिलांच्या मजुरीतून निघतो. जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी असतात. म्हणून तयारी सुरू करतानाच किती वर्षे द्यायची ते घरच्यांसोबत बसून ठरवा, आणि त्या काळात संगणक, लेखा, भाषांतर, अध्यापन असे एखादे कामाचे कौशल्यही हाताशी ठेवा. नोकरी करत अभ्यास करणे म्हणजे हार मानणे नव्हे.

खाजगी नोकरी : नाव, ओळख आणि मुलाखत

खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, पण भेदभाव आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी दैनिकांतील जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा होता. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या सुमारे दोनतृतीयांश निघाली. त्याच वर्षीच्या सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांच्या अभ्यासात, मालक 'गुणवत्ता' म्हणतात आणि मुलाखतीत 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतात, हे दिसून आले.

याचा अर्थ निराश व्हावे असा नाही. तुमच्याकडे पाच अर्जांना उत्तर आले नाही म्हणून तुमच्यात काही कमी आहे, असे समजू नका. पाच नव्हे, पन्नास अर्ज करा. बायोडाटा एक पानाचा ठेवा. त्यात जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती लिहिण्याची गरज नाही. शिक्षण, कौशल्ये, केलेले काम आणि संपर्क पुरेसे आहेत. वसतिगृहाची मेस चालवली, जयंतीचा हिशोब ठेवला, अभ्यासिका सांभाळली, हेही कामच आहे. ते आकड्यांसह लिहा : किती लोक, किती रक्कम, किती महिने.

"घरी कोण काय करते?" या प्रश्नाला लाजू नका. "वडील बांधकामावर काम करतात. मी घरातली पहिली पदवीधर आहे आणि या पदासाठी मी हे शिकले आहे," इतके सरळ सांगा आणि बोलणे लगेच कामाकडे वळवा. इंग्रजीची भीती असेल तर स्वतःची ओळख, एक अडचण आणि ती कशी सोडवली, एवढे तीन मिनिटांचे बोलणे आरशासमोर रोज म्हणा.

रुजू होताना नेमणूकपत्र लेखी मागा. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवू नका, छायाप्रती द्या. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन क्रमांक घ्या आणि रक्कम खात्यात जमा होते का, ते पाहा. कंत्राटी पदावर रुजू होत असाल तर मालक एजन्सी आहे की कार्यालय, ते आधी समजून घ्या. तिथे कायम होण्याची हमी नसते.

फसवणूक ओळखा

* नोकरीसाठी पैसे मागणारा, मग तो नातेवाईक असो की पुढारी, फसवतो आहे असे धरून चाला.
* केंद्र व राज्य सरकारची बहुतेक अधिकृत संकेतस्थळे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' ने संपतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून शुल्क भरू नका.
* मुलाखतीशिवाय आलेले नेमणूकपत्र, 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी' यांपासून दूर राहा.
* ऑनलाइन पैसे गेले तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

एकट्या मुलाला वा मुलीला हे सारे जड जाते. ज्यांच्या घरात आधीपासून नोकरदार आहेत, त्यांना ही माहिती जेवताना मिळते. आपल्या मुलांना ती विहारात मिळाली पाहिजे. प्रत्येक विहारात भरतीच्या जाहिरातींचा एक फलक लावा. वर्षातून दोनदा दाखल्यांचे शिबिर घ्या आणि तिथे वस्तीतील निवृत्त कारकून, तलाठी, शिक्षक यांना बसवा. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने वस्तीतील दोन मुलांचे अर्ज तपासून द्यावेत आणि आपल्या कार्यालयातील रिकाम्या जागांची खबर द्यावी. जयंतीच्या वर्गणीतील थोडा भाग परीक्षेच्या प्रवासखर्चासाठी बाजूला काढता येईल.

बाबासाहेबांनी मिळवून दिलेली जागा एका दाखल्याअभावी रिकामी जाऊ नये, एवढे काम तर आपल्या हातात आहे. या आठवड्यात आपली फाईल उघडा, काय नाही त्याची यादी करा आणि सुरुवात करा.

जय भीम!