खेळ कोणाच्या मालकीचा? : रत्नागिरीची चिकित्सक नजर आणि गेम कन्सोलचा इतिहास

१/ पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला अंतू बर्वा रत्नागिरीत वीज येणार म्हणून हुरळून जात नाही. लख्ख उजेडात दिसणार काय, तर घरातले दारिद्र्यच, असा त्याचा तिरका हिशेब. वाचक हसतो, पण त्या तिरकसपणात एक रोकडा प्रश्न दडलेला आहे. नवे यंत्र घरात आले, तर त्यात भले कोणाचे? हा धागा तोच प्रश्न एका वेगळ्या यंत्राला विचारतो : टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल.

२/ कोकणातल्या या चिकित्सेला स्वभावापेक्षा भूगोलाचा आधार अधिक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या असंख्य घरांचा संसार मुंबईच्या मनीऑर्डरवर चाले. मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ मध्ये. तोवर एसटीचा रात्रभराचा प्रवास. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि किनाऱ्यावरचा खारा वारा. अशा ठिकाणी बिघडलेली वस्तू बहुधा कायमची माळ्यावर जाई. म्हणून किमतीच्याही आधी दोन प्रश्न येत : टिकेल का? आणि दुरुस्त कोण करणार?

३/ वस्तू येत त्याही सरळ दुकानातून नव्हेत. काही गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून येत. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत नोकऱ्या निघाल्या आणि कोकणातली, विशेषतः मुस्लिम कुटुंबांतली, अनेक माणसे तिकडे गेली. परतताना ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, पुढे व्हीसीआर येऊ लागले. माल जपानी, टिकाऊ. पण पावती परदेशातली आणि वॉरंटी इथे निरुपयोगी. फसगत झाली तर दाद मागायची कोणाकडे, हा तिसरा प्रश्न इथून निघाला.

४/ आता जगाकडे वळू. घरगुती गेम कन्सोलचा प्रारंभ १९७२ मध्ये अमेरिकेत ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ने झाला. योगायोग असा की, मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेही त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला. ओडिसीला रंग नव्हते, आवाजही नव्हता; पडद्यावर रंगीत पारदर्शक पत्रे चिकटवून खेळायचे. अनेक अमेरिकी गिऱ्हाइकांचा समज झाला की, हे यंत्र केवळ मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालते. समज चुकीचा होता, पण विक्रीला फटका बसला. ‘माझ्याकडे जे आहे त्याला हे जुळेल का?’ ही शंका कन्सोलइतकीच जुनी आहे.

५/ १९७७ मध्ये अटारीचा कन्सोल आला. यंत्र एक, खेळ अनेक; प्रत्येक खेळ वेगळ्या कार्ट्रिजमध्ये. कल्पना विलक्षण यशस्वी ठरली आणि तिच्यातच अपयशाचे बीज होते. कार्ट्रिज कोणीही बनवू शकत होते. बाजारात घाईघाईने केलेल्या, सुमार खेळांचा पूर आला. खोक्यावरचे चित्र देखणे आणि आतला खेळ रटाळ, असा अनुभव वारंवार आल्यावर पालकांनी पाकीट मिटले.

६/ १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. अटारीने न खपलेली कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरली. कित्येक वर्षे ही दंतकथाच मानली जाई. २०१४ च्या उत्खननात ती कार्ट्रिज खरोखर हाती लागली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधकांची नावे नोंदली जातात. या प्रसंगाचा नायक मात्र अनाम आहे : दुसऱ्यांदा फसायला नकार देणारा ग्राहक.

७/ त्याच १९८३ च्या जुलैत जपानमध्ये निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ विक्रीस आला. हेच यंत्र अमेरिकेत न्यायचे, तर तिथल्या गिऱ्हाइकाचा संशय दूर करणे भाग होते. १९८५ मध्ये ते वेगळ्या रूपात तिथे गेले : नावात ‘एन्टरटेनमेंट सिस्टीम’, सोबत खेळण्यातला रोबो आणि कार्ट्रिजवर दर्जाची मोहोर. ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दच तेव्हा बदनाम झाला होता.

८/ खरा बदल आत होता. यंत्रात एक चिप आणि प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली तरच खेळ सुरू व्हायचा. एरवी यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत राही. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला किती खेळ काढता येतील, यावरही मर्यादा आली. सुमार माल रोखला गेला, हे खरे. पण आपण विकत घेतलेल्या यंत्रात काय चालावे, हे ठरवण्याची किल्ली त्याच क्षणी विक्रेत्याच्या खिशात गेली. ग्राहकाच्या संशयाला उद्योगाने दिलेले उत्तर कुलपाच्या रूपात होते.

९/ जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हते. त्यामुळे तैवान आणि नंतर चीनमधून त्याच्या नकला निघाल्या आणि जगभर पसरल्या. रशियात १९९२ पासून ‘डेन्डी’ नावाची नक्कल घराघरांत पोहोचली. भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावे मुलांच्या ओठी आली. मूळ कंपनीचे नावही ठाऊक नसलेल्या पिढीने तिचेच खेळ खेळले. कार्ट्रिजला मुले म्हणत ‘कॅसेट’ आणि अवघ्या यंत्राला नुसते ‘व्हिडिओ गेम’.

१०/ या नकलांचे यश समजण्यासाठी भारताचे आयात धोरण ध्यानात घ्यावे लागते. १९९१ पूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जबर शुल्क आणि परवान्यांचा जाच होता. उदारीकरणानंतरही मूळ कन्सोल मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच राहिले. नक्कल स्वस्त होती, सुटीत कॅसेट अदलाबदल करून खेळता येत असे आणि ती टीव्हीच्या अँटेनाच्या तारेलाच जोडली जाई. ज्यांनी हे खेळ निर्माण केले त्यांना मात्र त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. स्वस्ताईची ही दुसरी बाजूही इतिहासात नोंदवायला हवी.

११/ घरात टीव्ही एकच, आणि तो घरातली मोलाची वस्तू. ‘व्हिडिओ गेमने पिक्चर ट्यूब जाते’ हा वडीलधाऱ्यांचा इशारा त्या काळच्या मराठी घरांत सर्वत्र ऐकू येई. तो निव्वळ बागुलबुवा नव्हता. काचेच्या ट्यूबच्या आतल्या बाजूस फॉस्फरचा थर असतो. एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिले, तर त्या जागी कायमचा ठसा उमटू शकतो. तासभर खेळल्याने ट्यूब जात नसे. म्हणजे भीतीला शास्त्राचा आधार होता, प्रमाणाचा मात्र नव्हता.

१२/ कॅसेटवरचे आकडे हा संशयाचा आणखी एक धडा. ‘९९९९ इन १’ असे ठळक छापलेले असे. प्रत्यक्षात मोजके खेळ. तेच वेगवेगळ्या नावांनी, कधी रंग बदलून, कधी मधल्याच टप्प्यापासून सुरू करून यादीत पुन्हा पुन्हा मांडलेले. शाळकरी मुलाला हा बनाव पाचव्या-सहाव्या खेळालाच कळे. जाहिरातीतला आकडा आणि हाती येणारा माल यांतले अंतर एका संपूर्ण पिढीने इथे पहिल्यांदा मोजले.

१३/ आता रत्नागिरीचा तो जुना प्रश्न : दुरुस्त कोण करणार? रेडिओ-टीव्हीच्या मेकॅनिकला अ‍ॅडॉप्टर बदलता येई, कंट्रोलरची तुटलेली तार डाख देऊन जोडता येई. पण नकली कन्सोल उघडल्यावर सर्किट बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसे. त्या इपॉक्सीच्या थेंबाखाली जवळजवळ सगळा कन्सोल एकाच चिपमध्ये सामावलेला असे. हे केले होते खर्च वाचवण्यासाठी. परिणाम असा की, तो गोळा गेला म्हणजे यंत्र गेले. मेकॅनिकच्या हाताला जागाच उरली नाही.

१४/ कॅसेट चालेना, तर तिच्यात फुंकर मारायची, हा उपाय रत्नागिरीपासून न्यूयॉर्कपर्यंत सारखाच. बहुतेकदा फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने धातूची टोके नीट टेकत, एवढेच. उलट श्वासातला ओलावा त्या टोकांना गंजवी. पुढे खुद्द निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असे सांगितले. जिथे हवाच खारट आणि दमट, तिथे हा उपचार रोगाहून वाईट. चिकित्सक ग्राहकाकडेही अंधश्रद्धा असतात, त्याचे हे बोलके उदाहरण.

१५/ मोठ्या कंपन्यांचे कन्सोल अधिकृतपणे भारतीय बाजारात रुजले ते २००० नंतरच्या दशकात. एक्सबॉक्स ३६० आला २००६ मध्ये. प्लेस्टेशन ३ आला २००७ मध्ये, ३९,९९० रुपयांना. आता पावती होती, वॉरंटी होती. जुन्या तीन प्रश्नांपैकी निदान एकाचे उत्तर कागदावर मिळाले. पण याच यंत्रांनी नव्या शंकांना तोंड फोडले.

१६/ एक्सबॉक्स ३६० च्या दर्शनी भागावर लाल दिव्यांचे कडे उजळले की यंत्र मेले, हे जगभरच्या खेळाडूंना ठाऊक झाले. मुळाशी अति उष्णतेने तडकणारे डाखेचे सांधे होते. ग्राहकांचा रेटा वाढला आणि जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली. त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली. सुट्या सुट्या तक्रारी एकत्र आल्या की त्यांचे वजन किती होते, ते या आकड्यात दिसते.

१७/ पुढची शंका अधिक सूक्ष्म होती. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स बसवून त्याचा संगणकासारखा उपयोग करण्याची सोय सुरुवातीला होती. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने सोनीने ती काढून घेतली. अपडेट नाकारले, तर ऑनलाइन खेळणे बंद. दुकानातून घरी आणलेली वस्तू वर्षांनंतर दुरूनच कमी करता येते, हे इथे स्पष्ट झाले. काळ्या गोळ्याने मेकॅनिकला बाहेर ठेवले होते. इंटरनेटने विक्रेत्याला घरात आणून बसवले.

१८/ ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने बंद केले. खेळ सतत इंटरनेटवर अवलंबून; त्यामुळे डिस्क विकत घेतलेल्यांच्या हातीही निरुपयोगी चकती उरली. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेल्यावर कंपनीचा युक्तिवाद असा होता की, ग्राहकांनी खेळाची मालकी घेतलीच नव्हती, वापराचा परवाना घेतला होता. युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा केला : केवळ परवाना देत असाल, तर ‘विकत घ्या’ म्हणताना तसे स्पष्ट सांगा.

१९/ महाराष्ट्राला ग्राहकाच्या हक्काची भाषा नवी नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि कुटुंबांनी एकत्र येऊन किराणा खरेदी करण्याचा प्रयोग रुजला. प्रश्न तेव्हा भेसळीचे आणि वजनमापाचे होते. पण तत्त्व तेच : एकटा ग्राहक दुबळा असतो, संघटित ग्राहक नव्हे. २४ डिसेंबर १९८६ रोजी देशात ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

२०/ त्या कायद्यात रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांना जाचणारी एक गोष्ट होती. तक्रार साधारणपणे विक्रेत्याचे ठिकाण असेल किंवा जिथे व्यवहार घडला असेल, तिथेच करावी लागे. मुंबईत घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा मुंबईचीच वारी. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ही अडचण दूर केली : ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. साडेतीनशे किलोमीटरचे अंतर कायद्याने निदान कागदोपत्री तरी पुसले.

२१/ दुरुस्तीच्या प्रश्नाचीही दखल घेतली गेली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. सुटे भाग, माहितीपुस्तिका, दुरुस्ती केंद्रे यांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी, हा हेतू. बंधनकारक कायद्याची पायरी याच्या पुढची आहे.

२२/ या सगळ्या इतिहासात संशयी ग्राहकाला नेहमी मागासलेला ठरवले गेले. प्रत्यक्षात त्याच्या शंकांमुळेच दर्जाची मोहोर आली, वॉरंटी लांबली, कायदे बदलले. तो कधी चुकलाही : फुंकरीवर त्याने भलताच विश्वास ठेवला, पिक्चर ट्यूबची नको तितकी चिंता केली. पण टिकेल का, दुरुस्त होईल का, दाद कोण देईल, या तीन प्रश्नांत आता चौथ्याची भर पडली आहे : पैसे मोजल्यावर वस्तू माझी होईल का?

२३/ नव्वदच्या दशकातली एखादी नकली कॅसेट आजही जुन्या यंत्रात बसवली, तर मारिओ धावू लागतो. कोणाची परवानगी लागत नाही, कोणता सर्व्हर बंद पडत नाही. ती कॅसेट कायद्याने चोरीची होती, तरी घेणाऱ्याकडे उरली. आजचा खेळ रीतसर विकत घेतलेला असतो, आणि तो उरेलच याची खात्री नसते. हा उलटा हिशेब ऐकून अंतू बर्व्याला नवल वाटले नसते.