अरिस्टॉटलपासून बुलढाण्यापर्यंत

वाचकहो, लोणारचे सरोवर पाहावयास दूरदूरचे विद्वान येतात. त्यांच्यापैकी कोणी राज्यशास्त्राचा अभ्यासक असेल, तर त्याने परतताना जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्यासही जावे, अशी माझी विनंती आहे. कारण पुढे येईलच.

राज्यात स्त्रीचे स्थान कोणते, हा प्रश्न पाश्चात्य विचारात फार जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातील पालकवर्गाच्या स्त्रियांना पुरुषांबरोबरीने शिक्षण व कारभार देऊ केला. त्याचा शिष्य अरिस्टॉटल याने मात्र तिला घरात बसविले, आणि पुढे शतकानुशतके शिष्याचेच चालले. मध्यंतरी कुर्तुब्याचे काझी इब्न रुश्द (११२६-११९८) यांनी प्लेटोच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना आपल्याच काळातील नगरांना दोष दिला. स्त्रियांना केवळ संततीसाठी व संगोपनासाठी राखल्यामुळे त्यांची कर्तबगारी प्रकटच होत नाही, आणि नगरांच्या दारिद्र्याचे हेही एक कारण आहे, असे त्यांचे म्हणणे. हे भाष्य मूळ अरबीत उरले नाही, हिब्रू भाषांतरात तेवढे वाचले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही, हे खेदाने नमूद करतो.

फ्रेंच राज्यक्रांतीने मानवाचे हक्क जाहीर केले खरे, परंतु स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा १७९१ मध्ये लिहिणाऱ्या ऑलिंप द गूज हिला १७९३ मध्ये गिलोटिनखाली जावे लागले. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने २० मे १८६७ रोजी मताधिकाराच्या विधेयकातील 'पुरुष' शब्द काढून 'व्यक्ती' हा शब्द घालावा, अशी सूचना मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याचे स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील पुस्तक निघाले. ज्यांना कधी मोकळीकच दिली नाही त्यांचा स्वभाव व कुवत तुम्ही कशी ठरविता, हा त्यातला मुद्दा. इब्न रुश्द यांच्यापासून तो फार दूर नाही.

आता बुलढाण्याकडे वळू. तेथील सरकारी कचेरीतील कारकून व सत्यशोधक समाजाचे सभासद बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करून काळ्या पाण्याची करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवरच चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात छापलेल्या 'स्त्री-पुरुष तुलना' या छोटेखानी पुस्तकातून तिला उत्तर दिले. स्त्रीच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण उचलावा आणि तो पुरुषात किती भरला आहे ते दाखवावे, अशी त्यांची रीत. भाषा घरगुती, पण धार अशी की वाचणाऱ्याने मान खाली घालावी. बायको मेली की नवरा लगेच दुसरी करतो, मग विधवेलाच बंदी का? आणि हे नियम लिहिले तरी कोणी?

मिलने मत मागितले. ताराबाईंनी नियम करणाऱ्याचाच हात धरला. माझ्या मते हा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा आहे. पण पुस्तकावर टीकाच फार झाली. जोतीराव फुले मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात तिच्या पाठीशी उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापले. ताराबाईंचे हे एकमेव पुस्तक.