रॅले, हंबर की हर्क्युलिस? काळ्या सायकलची ओळख कशी पटवायची

आजच्या भागाचा विषय आहे जुनी काळी सायकल. दांडीची, अठ्ठावीस इंची चाकांची, तारेऐवजी लोखंडी सळ्यांच्या ब्रेकची. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे अजूनही कुणाच्या तरी खळ्यात अशी एखादी उभी दिसते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "रॅले आहे, इंग्लंडची, ओरिजिनल!" पण ती रॅले आहे का आणि इंग्लंडची आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं का.

आधी एक बघू, या सगळ्या सायकली इतक्या सारख्या का दिसतात? हा ब्रिटिश 'रोडस्टर'चा साचा. मोठी चाकं, लांब बांधा, मागे कललेला पुढचा फोर्क. कच्च्या रस्त्यावर धक्के कमी लागतात आणि मागे पोतं बांधलं तरी तोल राहतो. गिअर मात्र एकच. समजा पुढे ४८ दात आणि मागे १८, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण सहा मीटर पुढे जाते. तापीकाठच्या सपाटीवर एकदम मस्त, पण तोरणमाळच्या घाटात उतरून ढकलायची. या साच्यात फारसं बदलण्यासारखं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी जवळपास तेच बनवलं.

आता घराणी बघू. रॅले नॉटिंगहॅमची, फ्रँक बोडेननं १८८८ मध्ये उभी केलेली. हर्क्युलिस बर्मिंगहॅमची, १९१० ची, स्वस्त आणि भरपूर सायकली काढणारी. हंबर दोघांपेक्षा जुनी, पण १९३२ मध्ये तिचा सायकलचा धंदा रॅलेनं घेतला. म्हणजे त्यानंतरची हंबर ही रॅलेचीच बहीण. हर्क्युलिस १९४६ मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे गेली आणि १९६० मध्ये त्याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सनं रॅलेही घेतली. एकेकाळचे कट्टर स्पर्धक एकाच छताखाली! आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणू, कोड तोच, लोगो वेगळा.

भारतात मात्र उलटं झालं. स्वातंत्र्यानंतर सायकली इथंच बनवायचं धोरण आलं. हर्क्युलिससाठी १९४९ मध्ये मुरुगप्पा समूहाबरोबर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स निघाली. रॅलेसाठी सुधीरकुमार सेन यांच्याबरोबर बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले. तिकडे दोघी एका घरात गेल्या, तरी इकडे अंबत्तूर आणि आसनसोल वेगळेच राहिले. सेन-रॅलेचं पुढे राष्ट्रीयीकरण झालं आणि १९८० मध्ये ती सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झाली. हर्क्युलिस हे नाव आजही दुकानात दिसतं. त्यामुळे आपल्याकडची साठच्या दशकातली सायकल अंबत्तूरची किंवा आसनसोलची असण्याचीच शक्यता जास्त. त्यात कमीपणा काही नाही. तो आपल्याच कारखानदारीचा इतिहास आहे.

मग ओळखायचं कसं? पुढचा बिल्ला सगळ्यात शेवटी बघा, कारण तो काढून दुसरा लावता येतो. आधी पुढचं दातेरी चक्र बघा. रॅलेच्या चक्रात बगळ्यासारखा पक्षी कापलेला असतो, हंबरच्या चक्रात हातात हात धरलेली पाच माणसं. हंबरचा फोर्कही वेगळा, दोन्ही बाजूंना एकाऐवजी दोन-दोन नळ्या. मागच्या हबवर स्टर्मी-आर्चरचं नाव असेल, तर बऱ्याचदा सालाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले मिळतात. पण ते साल हबचं, सायकलचं नाही. पन्नास वर्षांत चाकं बदलली जातात ना! तसंच 'मेड इन इंग्लंड' सीटवर लिहिलं असेल, तर फक्त सीट इंग्लंडची.

सगळ्यात पक्का फरक डोळ्यांना दिसतच नाही. तो आहे आट्यांमध्ये. पेडलचा धुरा जिथं बसतो, तिथल्या कपाला नॉटिंगहॅमच्या रॅलेमध्ये इंचाला २६ आटे, तर बाकीच्या ब्रिटिश सायकलींना सहसा २४. दोन्ही कप हातात घेतले तर सारखेच वाटतात. पण २४ चा कप २६ च्या फ्रेममध्ये पाना लावून रेटला, की फ्रेमचे आटे गेले. मग ती फ्रेम भंगारात, किलोच्या भावानं. म्हणून ओळख पटवणं हा नुसता हौसेचा भाग नाही. चुकीच्या नावावर आणलेला पार्ट चांगली सायकल मारतो.

आणि कागद शोधा! जुनी पावती, नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला, काहीही. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी धुळे, आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेश. पावतीवर जिल्हा कोणता छापलाय, त्यावरूनही काळाचा अंदाज येतो.

तर मंडळी, घरात अशी सायकल असेल तर रंगवायला देण्याआधी चक्र, फोर्क, हब आणि फ्रेमवरचा नंबर यांचे फोटो काढा. नवा रंग चढला की जुनी अक्षरं कायमची गेली. आणि ती कुठून, कितीला, कुणी आणली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. फ्रेमवर ते कुठंच कोरलेलं नसतं. भेटू पुढच्या भागात!