दुष्काळानंतरची शाळा : केडगावचे मुक्तिसदन

दुष्काळाच्या इतिहासात खडी फोडणारे मजूर, अन्नछत्रे आणि मृतांचे आकडे यांची नोंद सापडते. पाऊस परतल्यावर पोरक्या मुलींचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचावयास मिळते. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावचा इतिहास येथूनच सुरू होतो.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळ स्वतः भोगला होता. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणकथन करीत तीर्थाटन करी. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास एवढेच उरले. म्हणूनच १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता येताच त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारे तीनशे मुली आणि विधवा घेऊन परतल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर सुरू होता. शहरात नव्या मुली ठेवण्यास प्रतिबंध झाला. शारदासदनास फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून केडगावास घेतलेली जमीन अशा रीतीने आश्रयस्थान ठरली. आधी तात्पुरत्या झोपड्या, मग विहिरी, मग १८९८ मध्ये मुक्तिसदन. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

धान्याची मदत इतरत्रही होत होती. अमेरिकेतील ख्रिस्ती वाचकांच्या वर्गणीतून १९०० मध्ये ‘क्विटो’ जहाज मका घेऊन मुंबईस आले. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळकार्यासाठी कैसर-इ-हिंद पदक मिळाले. परंतु मक्याने हंगाम निभावतो, आयुष्य नव्हे. अमेरिकेत बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केलेल्या रमाबाईंनी हे ओळखले होते. मुक्तिसदनात अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, छपाई शिकवली जाई. कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि अंध मुलींचेही वाचन सुरू झाले. (आमच्या प्रशिक्षण महाविद्यालयात पाश्चात्त्य शिक्षणतज्ज्ञांची नावे पाठ करून घेतली गेली, केडगावचा उल्लेख मात्र मी कधी ऐकला नाही.)

येथील मंडळीचे वेगळेपण असे, की मदत करणारी मंडळी आधीपासून सिद्ध नव्हती. दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांचीच मंडळी बनली. त्यांनीच पुढे नवागतांची शुश्रूषा केली, त्यांना शिकवले. धर्मांतराचा आक्षेप या इतिहासातून वगळता येणार नाही. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. मुक्तिसदन तर उघडपणे ख्रिस्ती होते. निराधार बालिकेच्या संमतीला किती अर्थ असतो, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र तो विचारणाऱ्या समाजापैकी किती घरांची दारे त्या मुलींसाठी उघडी होती, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्या ग्रंथाचे खिळे जुळवण्याचे व छपाईचे काम केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले.