मॅनलिफ्ट ऑपरेटरचं कार्ड: पैसे भरण्याआधी काय बघायचं?

खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात कामाला आहेत. 'मॅनलिफ्ट ऑपरेटर पाहिजेत' अशा जाहिराती मोबाईलवर सारख्या फिरतात आणि 'सर्टिफिकेट आम्हीच काढून देऊ' असंही वर सांगितलं जातं. हे सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांनाही कळावं म्हणून ही माहिती देत आहोत.

कठडा असलेल्या बास्केटमधून माणसाला उंचावर नेणारं यंत्र म्हणजे मॅनलिफ्ट. कात्रीसारखी उघडत सरळ वर जाते ती सीझर लिफ्ट. लांब हाताच्या टोकाला बास्केट असते आणि अडथळ्यावरून पलीकडे पोचते ती बूम लिफ्ट. या यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी 'इंटरनॅशनल पॉवर्ड ॲक्सेस फेडरेशन' म्हणजे आयपॅफ ही 1983 साली स्थापन झालेली संस्था जगभर ओळखली जाते. तिच्या मान्यताप्राप्त केंद्रात थिअरी आणि प्रत्यक्ष यंत्रावरची परीक्षा पास झाली की 'पाल कार्ड' मिळतं. त्याची मुदत 5 वर्षं. कार्डावर यंत्राचा प्रकार लिहिलेला असतो: 3ए म्हणजे चालती सीझर, 3बी म्हणजे चालती बूम. फक्त 3ए असलेल्या मुलाला बूमवर चढवलं, तर त्या यंत्रापुरता तो शिकलेला नाही असंच समजायचं. कार्ड असलं तरी नवीन मॉडेल हातात आलं की त्याची बटणं आधी समजून घ्यावी लागतात.

शिकवतात काय? रोज सकाळी यंत्राची तपासणी, जमीन पोकळ आहे का, वर विजेची तार आहे का. मग वारा. बाहेर वापरायच्या बऱ्याच यंत्रांची मर्यादा सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर असते. काही सीझर फक्त इमारतीच्या आत वापरण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्या बाहेर काढायच्याच नाहीत. आखातात शमाल वारा सुटला की हा आकडा पाठ असलेला बरा.

बूममध्ये हार्नेस लागतोच, आणि त्याचं कारण बहुतेकांना चुकीचं सांगितलं जातं. चाक खड्ड्यात गेलं की खाली बसतो तो छोटासा धक्का, पण बूमच्या टोकाला तो गोफणीसारखा मोठा होतो आणि माणूस कठड्याबाहेर फेकला जातो. म्हणून पट्टा आखूड ठेवायचा, माणसाला बास्केटमध्येच धरून ठेवेल इतका, आणि बास्केटमधल्या ठरलेल्या कडीलाच लावायचा. बाजूच्या बीमला बांधला तर यंत्र हलल्यावर पट्टाच माणसाला ओढून बाहेर काढेल.

दुसरा धोका चेंगरण्याचा. वर जाताना किंवा मागे घेताना ऑपरेटर डोक्यावरचा बीम आणि कंट्रोल पॅनल यांच्यात सापडतो. छाती दाबली गेली की ओरडताही येत नाही. अशा वेळी जीव वाचतो तो खाली उभ्या असलेल्या माणसामुळे. जमिनीवरच्या कंट्रोलने आणि आणीबाणीच्या व्हॉल्व्हने बास्केट खाली कशी आणायची, हे त्याला आधीच माहीत हवं. आमच्या मते मुलाने साइटवर पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारावा: मी वर अडकलो तर मला खाली कोण आणणार? चक्कर येत असेल, गुंगीचं औषध घेतलं असेल, रोज्यात अशक्तपणा वाटत असेल, तर वर जायचं नाही. सुपरवायझरला स्पष्ट सांगायचं.

आता पैशाचं. कोर्स साधारण एक-दोन दिवसांचा असतो, पण त्यात यंत्र प्रत्यक्ष चालवावंच लागतं. 'नुसता फोटो आणि पासपोर्टची कॉपी पाठवा, कार्ड घरी येईल' असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबा. पाल कार्डाचा नंबर आयपॅफच्या वेबसाइटवर तपासता येतो. नोकरी देणारेही तो तपासू शकतात. काही कंपन्या दुसऱ्या थर्ड पार्टीचं प्रमाणपत्र मागतात, म्हणून कुठलं लागणार ते आधी लेखी घ्या.

एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, तेही बघा. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास त्यात 10 लाखांचं संरक्षण मिळतं. त्या पॉलिसीची एक प्रत घरी ठेवून घ्या आणि नॉमिनीचं नाव बरोबर लिहिलंय का, ते मुलगा निघण्याआधी वाचून बघा.